उतारवयात जॅझ गिटार : वाद्य कसे निवडावे?

वयाच्या ५४व्या वर्षी मी गिटार हाती घेतली तेव्हा स्टाफरूममध्ये बरीच थट्टा झाली. तिचे वाईट वाटले नाही. परंतु तीनच महिन्यांत बोटांना फोड येऊन गिटार कपाटावर जाऊन पडली आणि 'आता आपले वय झाले' असे मी मनोमन कबूल केले, याचे मात्र दुःख झाले. दोष वयाचा नव्हता, निवडीचा होता, हे पुढे कळले. म्हणून हा लेखनप्रपंच.

जॅझ आपल्याला अगदीच परके नाही. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझचे वाद्यवृंद वाजत. गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट यांची साथ सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'ला (१९५१) लाभली. १९७८ साली मुंबईत 'जॅझ यात्रा' हा महोत्सव भरला. मात्र ट्रंपेट आणि ड्रम यांच्यापुढे गिटारचा आवाज बुडून जाई. १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वृंदात चार्ली ख्रिश्चन विजेची गिटार घेऊन आला आणि गिटारचा एकेक स्वर स्वच्छ ऐकू येऊ लागला. तेव्हा अँप्लिफायर गोंगाटासाठी नव्हे, स्पष्टतेसाठी घ्यायचा.

ही स्पष्टता कशाला हवी? कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरसमूह. जॅझमध्ये वारंवार येणाऱ्या तीन कॉर्ड आपल्या स्वरांत अशा : रे-म-ध-सा, प-नी-रे-म, सा-ग-प-नी. पहिलीतला म दुसरीत तसाच राहतो आणि सा खाली नीवर उतरतो. मग नी स्थिर राहतो आणि म गवर उतरतो. या उतरण्यातच जॅझचा गोडवा आहे. तो ऐकू येत नसेल, तर वाद्य कितीही भारी असो, उपयोग शून्य.

माझी पहिली गिटार दिसायला देखणी होती. उत्तनच्या एका वृद्ध वादकांनी ती भायंदरच्या माझ्या घरी हाती घेतली, एक तार दाबली आणि म्हणाले, "सर, हात तुमचा ठीक आहे. तार बघा किती उंच आहे!" बाराव्या पडद्यावर तार जवळजवळ ४ मि.मी. वर होती. विजेच्या गिटारवर जाड तारेसाठीही सुमारे २ मि.मी. पुरतात. तीन महिने मी ज्याला वय समजत होतो, ते हे दोन मिलिमीटर होते.

त्यानंतर त्यांनी सांगितलेले व मी अनुभवलेले नियम असे :

१) दुकानात बसून, निदान अर्धा तास वाजवून पाहावे. मनगट दुखले तर गिटार परत ठेवावी. धोबीतलावपर्यंतची लोकलची खेप वाया गेली असे मानू नये.

२) नायलॉनच्या तारा मऊ खऱ्या, पण त्या गिटारची मान वरच्या टोकाला सुमारे ५२ मि.मी. रुंद असते, विजेच्या गिटारची सुमारे ४३. आखडू लागलेल्या बोटांना अरुंद मान सोयीची.

३) पूर्ण पोकळ गिटारचा नाद सुंदर असतो, पण अँप्लिफायरजवळ ती घुमू लागते. शिकण्यास अर्धपोकळ किंवा भरीवही चालते. गुळगुळीत वेटोळ्यांच्या तारा लावल्यास बोटांची खरखर कमी होते.

४) फ्लॅटमध्ये १० ते १५ वॅटचा अँप्लिफायर पुष्कळ झाला. त्याचा साधा, न फाटणारा आवाज ऐकून पाहावा आणि हेडफोनची सोय आहे ना, हे बघावे. वेस माँटगोमेरी शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून अंगठ्याने वाजवू लागला, असे सांगतात. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

५) खाडीकाठची दमट हवा लाकडाला मानवत नाही. पावसाळ्यात गिटार पेटीत, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी.

आज दीड वर्षानंतर त्या तीन कॉर्ड मला सावकाश, पण स्वच्छ वाजवता येतात. म वरून गवर येताना अजूनही अंगावर रोमांच उभे राहतात. आपले वय झाले असे ठरवण्यापूर्वी, मित्रहो, एकदा तारेची उंची मोजून पाहावी.