अंगणाला हिरवे आच्छादन

पुण्याच्या कसबा पेठेतील दाट वस्तीत परसाला ऊन थोडाच वेळ मिळते. तेथे सर्वत्र फरशी घातल्यास पावसाचे पाणी न मुरता गटारात जाते आणि माती उघडी ठेवल्यास ती वाहून जाते. जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पती हा यावरील सोपा उपाय होय.

भरपूर उन्हाच्या जागी हरळी लावावी. पूजेसाठी दूर्वाही घरच्या घरी मिळतात. निचऱ्याच्या वाफ्यात चिनी गुलाब शोभतो. अर्धवट सावलीच्या, ओलसर कोपऱ्यात मंडूकपर्णी इष्ट. पावसाळ्याच्या आरंभी रोपे वीतभर अंतरावर लावावीत व जमीन झाकेपर्यंत तण काढावे. पिवळ्या फुलांचे वेडेलिया मात्र टाळावे; ते झपाट्याने पसरून इतर झाडांना जागा ठेवत नाही.