अभियंता की व्यवस्थापक? — यंत्रयुगातील व्यवसायनिवडीचा विचार

बारावीचा निकाल लागला की गोडादऱ्यातील दवाखान्यात ताप-खोकल्याच्या जोडीने एक प्रश्न येऊ लागतो : "डॉक्टरसाहेब, मुलाला इंजिनिअरिंगला घालू की बीबीए-एमबीएला?" विचारणारे बहुतेक जळगाव, धुळे, नंदुरबारकडून येथील लूम्सच्या खात्यांत वा मिलमध्ये कामाला आलेले. आपण उभ्याने आयुष्य काढले, मुलाने खुर्चीत बसावे, ही त्यांची साधी इच्छा. अलीकडे त्या प्रश्नाला शेपूट जोडले जाते : "सगळं कॉम्प्युटरच करणार म्हणतात, मग यातलं टिकेल काय?" वैद्यकातल्या माणसाने यावर बोलावे का, हा भाग अलाहिदा. परंतु शैक्षणिक कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी ही मंडळी आपल्याकडेच येतात, म्हणून या विषयाचे थोडे वाचन केले. त्यातील उपयुक्त भाग येथे मांडतो.

या चर्चेत सर्वाधिक उल्लेखिला जाणारा अभ्यास ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबर्न यांचा, सन २०१३ मधील. अमेरिकेतील ७०२ व्यवसाय घेऊन प्रत्येकाचे यांत्रिकीकरण होण्याची शक्यता त्यांनी मांडली आणि तेथील सुमारे ४७ टक्के रोजगार अधिक धोक्याच्या गटात मोडतो, असा निष्कर्ष काढला. हा आकडा जगभर गाजला. माझ्या मते त्याहून बोलके आहेत ते आतले आकडे. स्थापत्य अभियंत्याचा धोका जेमतेम २ टक्के. त्याच्याच हाताखालील स्थापत्य तंत्रज्ञाचा मात्र ७५. यंत्र अभियंत्याचा सुमारे १ टक्का, तर यंत्रांचे आराखडे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनचा ६८. व्यवस्थापनाकडे वळलो तरी चित्र तेच. वित्त व्यवस्थापक ७ टक्क्यांच्या आत, परंतु हिशेबनीस व लेखापरीक्षक ९४ आणि कर्जाचे अर्ज तपासणारा अधिकारी ९८! म्हणजे भिंत अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन यांच्यामध्ये उभी नाही; ती दोन्ही घरांतून आडवी गेलेली आहे. ठरलेल्या नियमाने ठरलेले काम करणारा एका बाजूला, आणि अडलेल्या ठिकाणी निर्णय घेऊन त्याची जबाबदारी उचलणारा दुसऱ्या बाजूला.

अर्थात, हे आकडे जन्मपत्रिकेसारखे वाचू नयेत. तंत्र उपलब्ध होऊ शकेल एवढेच ते सांगतात. मालक ते विकत घेईल का, हे सांगत नाहीत. शिवाय २०१६ मध्ये ओईसीडी या संस्थेसाठी झालेल्या अभ्यासात व्यवसायाऐवजी त्यातील एकेक काम सुटे करून पाहिले, तेव्हा अधिक धोक्यातील रोजगार ९ टक्क्यांवर आला. एका नोकरीत दहा प्रकारची कामे असतात आणि यंत्र त्यांतली काहीच उचलते.

पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि जुन्या समजुतींना धक्का बसला. लिहिणे, सारांश काढणे, संगणकाची आज्ञावली रचणे ही खुर्चीवरची कामे यंत्र करू लागले. २०२३ मधील एका अमेरिकन अभ्यासाने तर अधिक पगाराच्या नोकऱ्यांनाच याचा स्पर्श अधिक होईल असे दाखविले. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीने सांगितले. मात्र कपात मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीत होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. 'एकदा मॅनेजर झाला की सुटला' हा आपल्या समाजातील विश्वास आता तपासून घ्यावा लागेल.

डॉक्टरबंधूंना हे आपल्याच घरातील उदाहरणाने अधिक पटेल. पुढे २०२४ साली नोबेल मिळविणारे जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते, की नवे रेडिऑलॉजिस्ट घडविणे आता थांबवावे. दशक उलटले तरी रेडिऑलॉजिस्ट हवेच आहेत. दुसरीकडे, पॅथॉलॉजीत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजत बसण्याचे काम सेल काउंटरने केव्हाच घेतले. संशयास्पद स्लाइड ओळखणारा डोळा मात्र अजून लागतो. ईसीजीच्या कागदावर यंत्र निदान छापून देते. रुग्णाला मोठ्या रुग्णालयात धाडायचे की नाही, हे आपण ठरवतो.

सुरतेत तर हे रस्त्यावर दिसते. शटलच्या जुन्या मागांच्या जागी वॉटरजेट आणि रेपियर आले. तेवढेच कापड थोडे कारीगर काढू लागले, परंतु त्या यंत्रांची इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती जाणणाऱ्याची वाट शेठ पाहत असतो. मिलच्या प्रयोगशाळेत रंगाचे प्रमाण संगणक सांगतो, पण लॉट बिघडला की हाक कलर मास्टरलाच. पांडेसरा, सचिन येथील औद्योगिक वसाहतींत सांडपाणी प्रक्रिया, बॉयलर, वीज यांची कामे आहेत; ती गावाबाहेर नेता येत नाहीत आणि पडद्यावर बसून होत नाहीत.

म्हणून पालकांना मी शाखेचे नाव विचारत नाही. पहिली पाच वर्षे मुलगा वा मुलगी रोज काय करणार, ते विचारतो. दिवसभर तक्ते भरणे आणि अहवाल पुढे पाठविणे असेल, तर पदवी कोणतीही असो, वाट अरुंद होत जाणार. संगणक अभियांत्रिकीही वर्ज्य नाही. मात्र केवळ कोड टंकणाऱ्याच्या पदावर भिस्त ठेवू नये. पदवी हातात पडताच, अनुभवाशिवाय, अनोळखी महाविद्यालयात लाखो रुपये मोजून एमबीए करणे मला या घडीला सर्वांत जोखमीचे वाटते. दोन-तीन वर्षे कारखान्यात वा विक्रीच्या कामात घालवून केलेल्या एमबीएची गोष्ट वेगळी. माणसे सांभाळण्याचा अनुभव अगोदर असला तर शिकवलेले उपयोगी पडते.

ज्यांची ऐपत बेताची आहे त्यांच्यासाठी दहावीनंतरचा पदविकेचा मार्ग आजही उत्तम आहे. पदविकाधारकाला पदवीच्या द्वितीय वर्षात थेट प्रवेश घेता येतो. मधल्या काळात नोकरी करून पाहता येते, आणि कर्जही त्या मानाने कमी लागते. मुलींच्या बाबतीत हा मार्ग आपल्या वस्तीत फार कमी घरे विचारात घेतात. बारावीला नापास झालेल्या मुलालाही तो बंद नाही, कारण त्याला दहावीचे गुण पुरतात.