नेम रक्तात नसतो : साध्या धनुष्याचा एक धडा

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने धनुर्विद्येवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. त्यामागे माझीच एक चूक आहे. काही वर्षांपूर्वी एका क्रीडा मेळाव्यात सातपुड्यातून आलेला एक विद्यार्थी बांबूच्या साध्या धनुष्याने बाण मारीत होता. धनुष्यावर नेम धरण्याचे कोणतेही साधन नव्हते, तरी त्याचे बाण एकमेकांना लागून रुतत होते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "यांच्या रक्तातच असते ते." मीही मान डोलावली. पुढे त्या मुलाशी बोलणे झाले. सहा वर्षांचा असल्यापासून तो मामाबरोबर सुकलेल्या भोपळ्यावर नेम धरीत आला होता, आणि हरवलेला बाण शोधून आणल्याशिवाय मामा दुसरा बाण हाती देत नसे. त्याची दहा वर्षांची मेहनत मी एका मान डोलावण्यात पुसून टाकली होती. हा लेख त्या चुकीची दुरुस्ती आहे.

नेम म्हणजे काय?

ऑलिंपिकमधील धनुष्याला पुढच्या बाजूस 'साइट' असते. अंतराप्रमाणे ती वर-खाली सरकवायची, तिची खूण लक्ष्यावर आणायची आणि बाण सोडायचा. साध्या धनुष्याला ही सोय नाही. तेथे बाणाचे टोक ही पुढची खूण आणि तिरंदाजाचा स्वतःचा चेहरा ही मागची खूण. दोरी ओढणारा हात प्रत्येक वेळी गालावर किंवा ओठाच्या कोपऱ्याशी नेमक्या त्याच जागी यावा लागतो. समजा, बाणाचे टोक आणि दोरी यांत सुमारे 70 सेंटिमीटर अंतर आहे आणि हात ठरलेल्या जागेपासून केवळ 1 सेंटिमीटर वर किंवा खाली सरकला. तर 30 मीटरवर बाण सुमारे 43 सेंटिमीटर चुकतो. साधे त्रैराशिक आहे. विद्यार्थ्यांनी ते स्वतः मांडून पाहावे.

दुसरी गोष्ट अंतराची. बाण डोळ्याच्या पातळीखालून सुटतो आणि कमानीसारख्या मार्गाने जातो. म्हणून लक्ष्य जवळ असेल तर बाणाचे टोक लक्ष्याच्या खाली दिसावे लागते. एका ठरावीक अंतरावर टोक आणि लक्ष्य एकमेकांवर येतात. त्याहून लांब गेल्यास टोक लक्ष्याच्या वर धरावे लागते. नवशिका हे अंतर जाणीवपूर्वक मोजतो. मुरलेला तिरंदाज मात्र केवळ लक्ष्याकडे पाहतो. टोक त्याला नजरेच्या कडेला अंधूक दिसते आणि वर-खालीचा हिशेब हातच सांभाळतो. या दुसऱ्या पद्धतीला 'उपजत नेम' म्हणण्याची रीत आहे. सगळा घोटाळा या 'उपजत' शब्दात आहे.

दोन अंधार

महाभारताच्या आदिपर्वात एक प्रसंग आहे. अर्जुन रात्री जेवत असता वाऱ्याने दिवा विझला. तरी त्याचा हात न चुकता तोंडाकडेच जात राहिला. हे सवयीने घडते, असे त्याच्या ध्यानात आले आणि तो रात्री अंधारात बाण मारण्याचा सराव करू लागला. घास तोंडात घालण्यासाठी कोणी नेम धरीत नाही. पण तान्ह्या मुलाला घास भरवून पाहणाऱ्या प्रत्येक आईला ठाऊक असते, की तेही शिकावेच लागते.

आता इंग्लंडमध्ये येऊ. केंब्रिजचे विद्वान रॉजर ॲस्कम यांनी 1545 मध्ये 'टॉक्सोफिलस' हा धनुर्विद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्यांनी तो इंग्रजीत लिहिला. उभे राहणे, बाण दोरीत बसवणे, दोरी ओढणे, ती धरून ठेवणे आणि सोडणे अशा पाच पायऱ्या त्यांनी सांगितल्या. लक्ष्याऐवजी बाणाकडे पाहण्याच्या खोडीवर त्यांचा उपाय असा : रात्री दिव्यांवर नेम धरून सराव करावा. अंधारात बाण दिसत नाही, म्हणून नजर आपोआप लक्ष्यावर राहते. दोन वेगळ्या संस्कृतींतील हे ग्रंथ एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात : डोळ्याने लक्ष्य पाहावे, बाकीचे काम सरावाने शरीरावर सोपवावे.

हाडांची साक्ष

इंग्लंडचा लांब धनुष्याचा लौकिक कोणत्या वंशाच्या रक्तातून आला नाही. 1363 मध्ये तिसऱ्या एडवर्ड राजाने सर्व धडधाकट पुरुषांनी सुटीच्या दिवशी तिरंदाजी करावी असा हुकूम काढला आणि फुटबॉलसारख्या खेळांना मनाई केली. यात राजाचे औदार्य नव्हते. त्याला युद्धासाठी माणसे हवी होती. पण त्यामुळे शेतकऱ्याच्या पोराच्या हाती धनुष्य आले. धर्मोपदेशक ह्यू लॅटिमर यांनी 1549 मधील एका प्रवचनात आपल्या शेतकरी वडिलांची आठवण सांगितली आहे. वय आणि ताकद वाढेल तसतसे वडील त्यांना अधिकाधिक ताणाचे धनुष्य आणून देत आणि केवळ हाताच्या जोराने न ओढता सारे शरीर धनुष्यात घालायला शिकवीत.

'टॉक्सोफिलस' निघाले त्याच वर्षी 'मेरी रोझ' ही युद्धनौका पोर्ट्समथजवळ बुडाली. 1982 मध्ये तिचा सांगाडा वर काढण्यात आला. तिच्या अवशेषांत 137 अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांहून अधिक बाण सापडले. तिच्यावरील काही माणसांच्या खांद्याच्या हाडाचे टोक प्रौढ वयातही मूळ हाडाशी जुळलेले नव्हते. लहानपणापासून जड धनुष्य ओढण्याशी अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला आहे. हाडांनी सराव घडवला नव्हता. सरावाने हाडे घडवली होती.

मैदानावरचा पाठ

शिकू इच्छिणाऱ्यांनी क्रम लक्षात ठेवावा. धनुष्य हलके घ्यावे. पहिले काही दिवस पाच-सहा पावलांवरून गवताच्या मोठ्या भाऱ्यावर बाण मारावेत. त्यावर कोणतीही खूण नसावी, म्हणजे मन केवळ पवित्र्यावर राहते. सोबत्याने बाजूला उभे राहून हात गालावर त्याच जागी येतो की नाही हे पाहावे, कारण स्वतःचा गाल स्वतःला दिसत नाही. बाण आधी एकमेकांजवळ पडू लागले पाहिजेत; ते लक्ष्याच्या डावीकडे पडले तरी चिंता नको. एकाच जागी होणारी चूक सुधारता येते, विखुरलेली सुधारता येत नाही. त्यानंतर खूण लावावी, मग थोडे थोडे अंतर वाढवावे. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये, धनुष्य मोडते. सर्वांचे बाण मारून होईपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये.

अंगठ्याचा प्रश्न

आता पुन्हा आदिपर्व. एकलव्य निषाद म्हणून द्रोणांनी त्याला शिष्य करून घेतले नाही. त्याने द्रोणांची मातीची मूर्ती केली आणि तिच्यासमोर स्वतःच सराव केला. मूर्ती पवित्रा सुधारीत नाही, चूक दाखवीत नाही. ते सर्व त्यालाच करावे लागले. पुढे गुरुदक्षिणा म्हणून अंगठा मागितला गेला. अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण मारू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे तोच ग्रंथ सांगतो. येथे विचार करावा. नेम जर जन्माने येत असता, तर निषादाच्या सरावाची भीती कोणाला वाटली असती? अंगठा मागणाऱ्याला पक्के ठाऊक होते, की विद्या रक्तात नसून सरावलेल्या हातात असते.

म्हणून "रक्तातच असते" ही स्तुती मला आता घातक वाटते. आदिवासी मुलाच्या रक्तात नेम असतो असे मानले, की दुसऱ्या कोणाच्या रक्तात वेद आणि आपल्या रक्तात झाडू असतो, हेही ओघानेच मान्य करावे लागते. माणसाचे काम त्याच्या प्रशिक्षित क्षमतेवरून नव्हे, तर आईबापांच्या सामाजिक दर्जावरून ठरवणाऱ्या या व्यवस्थेवरच बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात घाव घातला होता.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबात बांबूच्या धनुष्यावर वाढलेले लिंबाराम निवड चाचणीतून प्रशिक्षणाला आले आणि 1988 मध्ये सोल ऑलिंपिकला गेले. 1992 मध्ये ते बार्सिलोना ऑलिंपिकमध्येही खेळले. साध्या धनुष्यावरून साइट असलेल्या आधुनिक धनुष्याकडे ते आले, ते शिकूनच. 1991 मध्ये त्यांना मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्काराचे नाव मात्र 'अर्जुन' होते, आणि आपल्या देशात उत्तम प्रशिक्षकाला मिळणाऱ्या पुरस्काराचे नाव 'द्रोणाचार्य' आहे. विद्यार्थ्यांनी या नावांवरही विचार करावा.

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी ध्यानाच्या साधनेसाठी तिरंदाजाचीच उपमा दिली आहे. तो आधी गवताच्या पुतळ्यावर किंवा मातीच्या ढिगावर सराव करतो आणि मग दूरवर, वेगाने, अचूक बाण मारू लागतो. त्या उपमेत तिरंदाजाचे कुळ विचारलेले नाही. आपल्या शाळेच्या मैदानावर गवताचा भारा उभा राहील, तेव्हा रांगेत उभ्या असलेल्या मुला-मुलींनाही कोणी ते विचारू नये. त्यांचा हात गालावर त्याच जागी येतो की नाही, एवढेच शिक्षकाने पाहावे.