वाहत्या कानाची शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे समाधान

मधल्या कानाच्या जुनाट संसर्गावर, म्हणजे घरगुती भाषेत 'वाहत्या काना'वर, केलेली शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे डॉक्टर एका मापाने ठरवतात आणि रुग्ण दुसऱ्या. पू थांबला का, पडदा धरला का, ऑडिओमेट्रीत आकडा किती सुधारला, हे डॉक्टरांचे माप. पंगतीत शेजारच्याचे बोलणे कळते का, हे रुग्णाचे. प्रस्तुत लेखकाच्या डाव्या कानाबाबत ही दोन मापे जुळली नाहीत. शस्त्रक्रियेत चूक नव्हती; आधी विचारायचे ते विचारले गेले नव्हते.

हा आजार दोन प्रकारचा असतो. साध्या प्रकारात पडद्याच्या मध्यभागी छिद्र असते. सर्दी झाली किंवा पोहताना पाणी गेले की पातळ, चिकट स्राव येतो आणि पुन्हा थांबतो. दुसऱ्या, धोक्याच्या प्रकारात पडदा वरच्या बाजूला आत ओढला जाऊन खिसा होतो. त्यात त्वचेचे पापुद्रे साठून कोलेस्टेटोमा नावाचा गोळा तयार होतो आणि तो हाड कुरतडत जातो. इथे पू थोडाच येतो, पण त्याला घाण वास असतो. लेखकाच्या घरी हा वास अनेक वर्षे 'उष्णते'च्या नावावर खपला आणि कानात कोमट तेल पडत राहिले.

साध्या प्रकारात कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसवतात (टिंपॅनोप्लास्टी). कोलेस्टेटोमात कानामागचे हाड कोरून रोग काढावा लागतो (मॅस्टॉइडेक्टॉमी). या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा अग्रक्रम ठरलेला आहे: आधी कान सुरक्षित करणे, मग कोरडा करणे, ऐकणे त्यानंतर. लेखकाच्या मनात हा क्रम नेमका उलटा होता.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी झालेल्या तपासणीत डावा कान ५५ डेसिबलवरून ४२ वर आलेला दिसला. डॉक्टर खूश होते. रुग्णाला मात्र काहीच फरक जाणवत नव्हता. याचे उत्तर स्मिथ आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या, 'बेलफास्टचा नियम' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठोकताळ्यात सापडते. शस्त्रक्रियेनंतर त्या कानाची पातळी ३० डेसिबल किंवा त्याहून चांगली झाली, अथवा दोन कानांतला फरक १५ डेसिबलच्या आत आला, तरच रुग्णाला फायदा जाणवण्याची शक्यता असते. लेखकाचा उजवा कान १५ डेसिबलवर, म्हणजे उत्तम. फरक उरला २७ चा. माणूस ऐकतो ते चांगल्या कानाने, त्यामुळे ४२ वरचा कान रोजच्या व्यवहारात जवळजवळ बिनकामाचा राहतो. ज्याचे दोन्ही कान खराब आहेत, त्याला तेवढ्याच सुधारणेचे मोल अधिक वाटू शकते.

नाराजीचे दुसरे कारण कानातली पोकळी. रोग पसरलेला असेल तर कानाच्या नळीची मागची हाडाची भिंतही काढतात. मग उरलेल्या मोठ्या पोकळीतला मळ आपोआप बाहेर येत नाही. साधारणपणे सहा ते बारा महिन्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली सफाई करून घ्यावी लागते, बहुतेकांना जन्मभर. पाणी गेले तर पुन्हा स्राव सुरू होतो, गार पाण्याने चक्कर येते, श्रवणयंत्राचा साचाही नीट बसत नाही. हे सारे लेखकाला टाके काढायच्या दिवशी कळले, आणि विहिरीवरचे पोहणे तिथेच संपले. भिंत राखूनही शस्त्रक्रिया करता येते, पण रोग आत दडून राहण्याची भीती असल्याने साधारण वर्षभराने कान पुन्हा उघडून पाहावा लागू शकतो. दोन्हींत तडजोड आहेच. मात्र ती रुग्णाला आधी माहीत हवी.

चवीची एक नस मधल्या कानातून जाते. ती ताणली किंवा कापली गेली तर जिभेच्या त्या बाजूला काही महिने ताक कळकल्यासारखे लागते. बहुतेकांत ही तक्रार हळूहळू ओसरते. सुरुवातीचे काही आठवडे कानात पॅक असल्याने ऐकू कमीच येते. त्यावरून निकाल लावू नये.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना थेट विचारावे: रोग कोणत्या प्रकारचा आहे? भिंत राहणार की जाणार? मधल्या कानातल्या छोट्या हाडांची साखळी शाबूत आहे का? दुसऱ्या कानाच्या तुलनेत हा कान कुठवर येईल? सफाईसाठी किती वेळा यावे लागेल? आधीचे आणि नंतरचे दोन्ही ऑडिओग्राम जपून ठेवावेत.

वाहत्या कानात तेल घालू नये. स्रावाला वास येत असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाणे लांबवू नये. आणि त्यासोबत तोंड वाकडे होणे, चक्कर, किंवा तापासह तीव्र डोकेदुखी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.