बहुअक्षरी शब्दांतील ह्रस्व-दीर्घ

तिसऱ्या-चौथ्या इयत्तेतील मुले ‘फूल’, ‘मूल’ असे दोन अक्षरी शब्द बहुधा शुद्ध लिहितात. परंतु ‘विहीर’, ‘मिरवणूक’ असे लांब शब्द आले की वेलांटी व उकार डळमळू लागतात. वहीवर वारंवार तांबडी शाई दिसली म्हणजे मूल असे शब्दच टाळू लागते. डोळ्यांनी मिरवणूक पाहिलेले मूल ‘मजा आली’ एवढेच लिहून थांबते. ही हानी शुद्धलेखनातील चुकीहून मोठी आहे.

मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम शासनाने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. त्यांतील ह्रस्व-दीर्घाचे सूत्र सोपे आहे. मराठी शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहावा. अखेरचे अक्षर अकारान्त असल्यास त्यामागील, म्हणजे उपान्त्य, इकार-उकार दीर्घ. अखेरचे अक्षर दीर्घ असल्यास उपान्त्य ह्रस्व. त्याही आधीचे इकार-उकार बहुधा ह्रस्वच असतात.

हे सूत्र मुलांच्या जिभेवर आधीपासूनच असते. ‘गरीब’ म्हणताना अखेरच्या ‘ब’मधील अकार आपण पुरता उच्चारीत नाही, त्यामुळे भार मागे पडून ‘री’ लांबतो. ‘गरिबी’ म्हणताच भार पुढे सरकतो व ‘रि’ आखूड होतो. म्हणून नियम पाठ करून घेण्यापूर्वी तो कानाने ओळखावयास लावावा.

पाठाचा क्रम असा ठेवावा :

१. शिक्षकांनी शब्द सावकाश उच्चारावा. मुलांनी दर अक्षरास एक टाळी वाजवावी व लांबलेल्या अक्षरास हात पसरावे.

२. फळ्यावर जोड्या लिहाव्या : विहीर–विहिरीला, बहीण–बहिणीला, मिरवणूक–मिरवणुकीत, गरीब–गरिबाला.

३. दुसऱ्या रूपातील प्रत्यय हाताने झाकून उरलेल्या शब्दाची अखेरची दोन अक्षरे पाहावयास सांगावे. ‘विहिरी’मध्ये ‘री’ दीर्घ, म्हणून ‘हि’ ह्रस्व. हा निष्कर्ष मुलांनीच काढावा.

४. शेवटी पाचच शब्दांचे श्रुतलेखन द्यावे, व तेही वाक्यांतून.

‘मंदिर’, ‘गणित’, ‘परीक्षा’, ‘शरीर’ हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले असून आपले मूळ रूप राखतात; ‘आणि’ हे अव्ययही ह्रस्वान्तच राहते. अशा शब्दांचा निराळा तक्ता भिंतीवर लावावा. नियमाच्या पहिल्या पाठात ते मिसळू नयेत.

ज्या मुलांची घरची बोली निराळी आहे, त्यांस हा भेद ऐकू येण्यास अधिक दिवस लागतील. त्यांच्या उच्चारास हसू नये, वर्गासही हसू देऊ नये. चुकलेल्या शब्दावर काट मारण्याऐवजी उपान्त्य अक्षराखाली बारीक रेघ ओढावी व तो शब्द मुलाकडून मोठ्याने म्हणवून घ्यावा. पुष्कळदा ते स्वतःच दुरुस्ती करते. अशी दुरुस्ती त्याच्या ध्यानात राहते, आणि लांब शब्द लिहिण्याचे भयही ओसरते.