सरकारी वकील म्हणजे फक्त खुनाच्या केसेस का? (सरकारी खरेदी, सरकारी पैसा आणि कायदा)



आज थोडा वेगळा विषय घेतोय. आमच्या शाळेतून शिकून गेलेला एक मुलगा सध्या साताऱ्यात कायद्याचं शिक्षण घेतोय. दिवाळीच्या सुट्टीत भेटायला आला होता. म्हणाला, "सर, मला सरकारी वकील व्हायचंय." सोबत आलेले आजोबा लगेच म्हणाले, "म्हंजे खुनाच्या केशी चालवणार व्हय?"

आजोबांचं चुकलं नाही. आपल्यालाही सरकारी वकील म्हटलं की आरोपीची उलटतपासणीच आठवते. पण सरकार रोज औषधं, बाकं, संगणक विकत घेतं, रस्ते आणि पूल बांधून घेतं. या व्यवहारांनाही वकील लागतो. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

१) हा वकील नेमका कोण?

"सरकारी खरेदीचा वकील" अशी पाटी जिल्हा न्यायालयात कुठल्या दारावर दिसणार नाही. हे काम वेगवेगळ्या जागी विभागलेलं असतं.

• फौजदारी खटल्यात सरकारतर्फे उभा राहतो तो सरकारी अभियोक्ता.
• दिवाणी दाव्यात सरकारची बाजू मांडतो तो सरकारी वकील. जिल्ह्यात याला जिल्हा सरकारी वकील म्हणतात.
• राज्याचा सर्वांत वरचा वकील म्हणजे महाधिवक्ता (संविधानाचं कलम 165).
• मंत्रालयात सल्ला देण्यासाठी विधी व न्याय विभाग आहे.
• जिल्हा परिषद आणि महानगरपालिका स्वतःच्या पॅनेलवर वकील नेमतात.

२) घरचा पैसा आणि सरकारी पैसा

घरासाठी कपाट घ्यायचं असेल तर आपण मेहुण्याच्या दुकानातून घेऊ शकतो. दोन पैसे जास्त गेले तरी कुणी विचारत नाही. सरकारी पैशाचं तसं नाही. तो खर्च करण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात.

पहिला प्रश्न, मंजुरी आहे का? कलम 266 प्रमाणे राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्याच्या मंजुरीशिवाय एक रुपयाही काढता येत नाही. ज्या लेखाशीर्षाखाली पैसा आला, त्याच कामावर तो खर्चायचा. "मार्च एंड आला, निधी परत जाईल, काहीही घ्या" ही सवय आपल्या ओळखीची आहे. पण केंद्राचे सामान्य वित्तीय नियम 2017 वर्षअखेरच्या या घाईला वित्तीय शिस्तीचा भंगच मानतात.

दुसरा प्रश्न, करार नीट झाला का? कलम 299 प्रमाणे राज्य सरकारचा करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीनेच व्हावा लागतो. साहेबांनी फोनवर "करून टाका" म्हटलं म्हणजे करार होत नाही.

तिसरा प्रश्न, निवड कशी केली? महाराष्ट्र शासनाने 1 डिसेंबर 2016 रोजी खरेदीची नियमपुस्तिका लागू केली. त्याच वर्षी केंद्राचं जेम हे ऑनलाइन खरेदी पोर्टल सुरू झालं. दरपत्रक, निविदा, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश हे सगळं यात येतं. मोठी खरेदी मुद्दाम तुकडे पाडून लहान दाखवणं हाही नियमभंगच.

३) मुंबई विमानतळावरचं हॉटेल

ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. 1977 साली मुंबई विमानतळावर एक रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला द्यायचे होते. प्राधिकरणाने निविदा काढली. अट होती, द्वितीय श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक आणि 5 वर्षांचा अनुभव. निविदा मिळाली मात्र कॅन्टीन चालवणाऱ्याला. त्याने सर्वांत जास्त रक्कम देऊ केली होती, पण तो त्या अटीत बसत नव्हता.

रमणा दयाराम शेट्टी न्यायालयात गेले. त्यांनी स्वतः निविदा भरलीच नव्हती! त्यांचं म्हणणं एवढंच, की अट सैल होणार हे माहीत असतं तर मीही भरली असती. सर्वोच्च न्यायालयाने 4 मे 1979 रोजी निकाल दिला. सरकारी संस्थेने जी अट जाहीर केली ती तिच्यावरही बंधनकारक आहे. ती मनाला येईल तशी मोडता येत नाही, कारण कलम 14 मध्ये समानतेचा हक्क आहे.

पण शेट्टींच्या हाती काही लागलं नाही. ते उशिरा आले होते, तोवर ठेकेदाराचा खर्च होऊन काम सुरू झालं होतं. शिवाय त्यांच्या अर्जामागचा हेतूही न्यायालयाला प्रामाणिक वाटला नाही. माणूस हरला, तत्त्व मात्र टिकलं. आजही निविदांच्या वादात हा निकाल सांगितला जातो.

४) माझी चूक

मित्रांनो, हा निकाल मला पुस्तकातून कळला नाही. काही वर्षांपूर्वी मी एका दोनशिक्षकी शाळेत प्रभारी मुख्याध्यापक होतो. शाळेच्या अनुदानातून कपाट घ्यायचं होतं, तीन दरपत्रकं हवी होती. दुकानदार म्हणाला, "सर, तुम्ही कशाला फिरताय? तिन्ही मीच देतो." तीन वेगवेगळी लेटरहेड आली. मी फाईलला लावली आणि मोकळा झालो.

लेखापरीक्षणात ते उघडं पडलं. तिन्ही कागदांवर हस्ताक्षर एकच! मला राग आला. कपाट वर्गात उभं होतं, मी एक रुपया खाल्ला नव्हता. लेखापरीक्षक शांतपणे म्हणाले, "सर, कपाट आलं, मान्य. पण दुसऱ्या दोन दुकानदारांना तुम्ही विचारलंच नाही. त्यांचं काय?"

मी गप्प बसलो. तोवर मला वाटायचं, पैसे खाल्ले तरच चूक. ज्याला विचारलंच गेलं नाही त्याचंही नुकसान होतं, हे तेव्हा कळलं. नंतर शेट्टींच्या खटल्याविषयी वाचलं तेव्हा ते वाक्य परत आठवलं.

५) मग वकील काय करतो?

सहीच्या आधी: निविदेच्या अटी तपासतो. एखादी अट ठरावीक ठेकेदार डोळ्यासमोर ठेवून घातली असेल तर ती काढायला सांगतो. "साहेब, हे करू नका" असं लेखी सांगणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम.

संकटात: ऑगस्ट 2019 चा सांगलीचा महापूर आठवा. पाणी घरात शिरलं असताना निविदेची मुदत संपायची वाट कोण बघणार? म्हणून नियमांत तातडीच्या खरेदीची सोय असते. पण कारण काय, निर्णय कुणाचा, माल किती आला, हे त्याच वेळी लिहून ठेवावं लागतं.

वाद झाल्यावर: सरकारवर दिवाणी दावा करण्याआधी सहसा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे 2 महिन्यांची नोटीस द्यावी लागते. निविदेच्या निर्णयाला आव्हान द्यायचं तर उच्च न्यायालयात रिट याचिका. पूर्वी त्यासाठी सातारा-सांगलीच्या लोकांना मुंबई गाठावी लागायची. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालंय आणि हे दोन्ही जिल्हे त्यात येतात.

आणखी एक गोष्ट. ठेकेदाराने काम चोख केलं, शासनाने ते वापरलं, आणि केवळ कागदातली त्रुटी दाखवून बिल अडवलं, तर? भारतीय करार कायदा 1872 चं कलम 70 अशा वेळी मोबदल्याचा विचार करायला लावतं. चांगला सरकारी वकील तेव्हा म्हणतो, "देणं लागतं, देऊन टाका." कारण त्याचा पक्षकार शासन आहे, खुर्चीतला साहेब नव्हे.

६) या वाटेला जायचं असेल तर

बारावीनंतर 5 वर्षांचा किंवा पदवीनंतर 3 वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी सीईटी द्यावी लागते. जवळच्या जवळ साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय आणि सांगलीत सोटी विधी महाविद्यालय आहे. पुढे बार कौन्सिलची सनद आणि काही वर्षांची वकिली. कॉमर्सच्या मुलांनो, ताळेबंद वाचता येणं इथे फार उपयोगी पडतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• सरकारी पैसा मंजुरीशिवाय खर्च होत नाही (कलम 266).
• सरकारी करार तोंडी होत नाही (कलम 299).
• स्वतः जाहीर केलेली अट सरकारलाही पाळावी लागते (1979 चा निकाल).

स्वाध्याय

१) सरकारी अभियोक्ता आणि सरकारी वकील यांच्या कामातला फरक सांगा.
२) निविदा न भरताही शेट्टी न्यायालयात का गेले?
३) उपक्रम: वर्गासाठी खडूचे बॉक्स घ्यायचे आहेत. तीन वेगवेगळ्या दुकानांत स्वतः जाऊन दर विचारा आणि तुलनात्मक तक्ता तयार करा.

तिसरा उपक्रम मुलांकडून जरूर करून घ्या. तीन दुकानं, तीन माणसं, तीन हस्ताक्षरं. मी तेव्हा केलं नाही ते आता माझी चौथीची मुलं करतात.