हाताचा स्वभाव ओळखणारा शिक्षक

प्रस्तावना

प्रत्येक विद्यार्थ्याचा हात, गळा आणि आकलनाचा वेग वेगळा असतो; पाठ्यक्रम मात्र सर्वांसाठी एकच असतो. अशा वेळी विद्यार्थ्याला साच्यात बसवावे, की त्याचा स्वभाव पाहून पाठाची मांडणी करावी? एकोणिसाव्या शतकातील एका पियानोशिक्षकाने या प्रश्नाचे दिलेले उत्तर प्रस्तुत पाठात पाहू या.

मूळ पाठ

फ्रेदेरिक शोपँ (१८१०–१८४९) हे पोलंडमध्ये जन्मलेले थोर संगीतरचनाकार. १८३१ मध्ये ते पॅरिसला आले. मोठ्या सभागृहांत वादन करणे त्यांना रुचत नसे. त्यामुळे शिकवणी हाच त्यांच्या चरितार्थाचा मोठा आधार होता.

त्या काळी पियानोशिक्षणात एक समजूत दृढ होती. अंगठा आखूड, मधले बोट लांब, अनामिका दुबळी. हा हाताचा दोष मानला जाई. तासन्‌तास तेच ते व्यायाम करून पाचही बोटे सारख्या बळाची करावीत, असे सांगितले जाई. हात विशिष्ट पातळीवर राहावा, म्हणून पियानोला आधाराची दांडीही बसवीत. काल्कब्रेनर हे विख्यात वादक या साधनाचे पुरस्कर्ते होते. त्यांनी तरुण शोपँना आपल्याकडे तीन वर्षे शिकण्यास सुचविले. पण शोपँनी ते मानले नाही.

शोपँचे मत अगदी उलट होते. बोटांची घडण भिन्न, म्हणून त्यांचा नादही भिन्न. ते वेगळेपण पुसण्याऐवजी त्याचा उपयोग करून घ्यावा, असे ते म्हणत.

याची प्रचीती पहिल्याच धड्यात येई. पेटीप्रमाणे पियानोलाही पांढऱ्या व काळ्या पट्ट्या असतात. आपल्या बिलावल थाटाशी जुळणारी स्वरावली पांढरी एकपासून वाजविली, तर एकही काळी पट्टी लागत नाही. ती वाचायला सर्वांत सोपी, म्हणून शिक्षक तिच्यापासूनच आरंभ करीत. शोपँ मात्र ती शेवटी शिकवीत. ते उजव्या हाताचा अंगठा पांढरी तीनवर, करंगळी पांढरी सातवर आणि मधली तीन लांब बोटे काळी तीन, चार व पाचवर ठेवायला सांगत. काळ्या पट्ट्या उंच असल्याने लांब बोटे तेथे सहज विसावतात. मग पांढरी सातपासूनची, पाच काळ्या पट्ट्यांची स्वरावली येई. कागदावर अवघड दिसणारी ही स्वरावली हाताला मात्र सोपी जाते. जे पुस्तकाला सोपे ते शिकणाऱ्याला सोपे असेलच असे नाही, हे त्यांनी ओळखले होते.

पियानोने गायले पाहिजे, हा त्यांचा दुसरा आग्रह. गायनात श्वासाचे जे स्थान, तेच वादनात मनगटाचे, असे ते मानत. थोर इटालियन गायकांचे गाणे ऐका, असा सल्ला ते विद्यार्थ्यांना देत. दिवसाला तीन तासांहून अधिक सराव त्यांना मान्य नव्हता. मन हजर नसेल, तर बोटांची कवायत व्यर्थ आहे, असे ते बजावीत. शिकवताना मोठा, उत्तम पियानो ते विद्यार्थ्याला देत आणि स्वतः शेजारच्या लहान पियानोवर बसत. ते नेहमीच शांत असत असे नाही. निष्काळजी वादनाने त्यांचा संयम सुटे.

आपली शिक्षणपद्धती लिहून काढण्यास त्यांनी आरंभ केला होता. परंतु एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि मागे उरली ती केवळ काही टिपणे. त्यांचा अत्यंत गुणी बालशिष्य कार्ल फिल्श १८४५ मध्येच निवर्तला होता. तरीही कारोल मिकुली यांच्यासारख्या शिष्यांनी गुरूंची शिकवण पुढील पिढीला दिली. ग्रंथ अपुरा राहिला, पण विद्या हातांतून हातांत गेली.

शब्दार्थ

चरितार्थ – उदरनिर्वाह
अनामिका – करंगळीशेजारचे बोट
पुरस्कर्ता – पाठिंबा देणारा
प्रचीती – अनुभव
निवर्तणे – मरण पावणे

पाठगत प्रश्न

१. बोटांच्या भिन्नतेविषयी शोपँचे मत प्रचलित समजुतीहून कसे वेगळे होते?
२. पांढऱ्या पट्ट्यांची स्वरावली शोपँ शेवटी का शिकवीत?
३. ‘जे पुस्तकाला सोपे ते शिकणाऱ्याला सोपे असेलच असे नाही’ हे विधान स्वतः शिकलेल्या एखाद्या कौशल्याच्या आधारे स्पष्ट करा.